अनुभव धागा: स्टेडियम भरलेलं, आवाज कुठे गेला?

इंग्लंडमधल्या फुटबॉलची प्रीमियर लीग टीव्हीवर बघताना हल्ली सारखं जाणवतं: एक खुर्ची रिकामी नसते, तरी गोलकीपरचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. प्रत्यक्ष मैदानात जाऊन सामने बघणारे आपल्यात बरेच आहेत. वातावरण खरंच ओसरलंय का? कशामुळे? जे पाहिलंत ते सविस्तर लिहा.

उत्तर लंडनकर
आर्सेनल 2006 मध्ये एमिरेट्स या नव्या स्टेडियमवर आलं आणि सगळं थंडावलं, असं सर्रास म्हणतात. पण जुन्या हायबरी मैदानालाही लोक ‘लायब्ररी’च म्हणायचे! माझ्या मते प्रश्न शेजारी कोण बसतं याचा आहे. पूर्वी उभं राहायच्या स्टँडमध्ये पोरं घोळक्यानं जायची. आता ऑनलाइन जी खुर्ची मिळेल ती आपली, चार मित्र चार ब्लॉकमध्ये. अनोळखी माणसांत एकट्यानं गाणं सुरू करायला कोण धजावणार? गोलमागच्या क्लॉक एंड स्टँडला ‘ॲशबर्टन आर्मी’ या चाहत्यांच्या गटाची तरुण मंडळी एकत्र उभी राहायला लागली, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये फरक पडलेला मी ऐकलाय.

लिव्हरपूलहून
माझे घरमालक आजोबा लहानपणापासून लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर ‘कॉप’ या स्टँडमध्ये उभे राहायचे. 30 एप्रिल 1994 ला तिथे उभ्यानं शेवटचा सामना झाला, नंतर खुर्च्या आल्या. 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियममधल्या उभ्या स्टँडच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची 97 माणसं गेली. त्यामुळे खुर्च्यांबद्दल या शहरात कुणी सहज तक्रार करत नाही, आणि करूही नये. आजोबांचा राग तिकिटाच्या दरावर आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये 77 पौंडांचं तिकीट जाहीर झालं, तेव्हा सुंदरलंडविरुद्ध 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूलची 2-0 अशी आघाडी होती, सामना 2-2 सुटला. क्लबच्या मालकांना दरवाढ मागे घ्यावी लागली. पण आजोबांचा नातू आजही बहुतेक सामने पबमध्येच बघतो. आरडाओरडा करायच्या वयातली पोरंच स्टेडियममध्ये नाहीत, तर आवाज येणार कुठून?

सध्या जर्मनीत
डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळजवळ 25,000 माणसं उभी असतात आणि उभ्याचं तिकीट विद्यार्थ्यालाही परवडतं. क्लबच्या कारभारात सभासदांच्या मतांचं बहुमत असल्यामुळे दर मनमानी वाढत नाहीत. पुढे कुंपणापाशी एक माणूस भोंगा घेऊन मैदानाकडे पाठ करून उभा होता. सामनाभर त्यानं चेंडू क्वचितच पाहिला असेल! त्याचा हात वर गेला की हजारो हात वर. एक मात्र खटकलं: गोल खाल्ला तरी गाणं त्याच लयीत चालू. एखाद्या टॅकलवर अख्खं मैदान खवळून उठतं, ते मला जास्त आवडतं.

मँचेस्टर
व्हीएआरबद्दल, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याबद्दल, कुणीच कसं लिहिलं नाही? प्रीमियर लीगमध्ये 2019-20 पासून आलं. गोल झाला की उडी मारायच्या आधी नजर मोठ्या पडद्याकडे जाते. दोन मिनिटांनी गोल मान्य होतो, पण तोवर उकळी बसलेली असते.

पेठेतला
भावांनो, एकदा कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी हा इथल्या दोन संघांचा सामना बघा. माणसं तालमीतून गटागटानं येतात, शेजारी बसलेला गल्लीतलाच असतो, खेळणारा पोरगा कुणाचा तेही ठाऊक असतं. लंडनकर म्हणतात ते बरोबर आहे, ओळखीवरच आवाज चढतो. पण हुल्लडबाजीही इथं झालीय, दगड पडलेत, सामने थांबलेत. माझ्या बहिणीला फुटबॉलचं वेड आहे, तरी चुरशीच्या सामन्याला घरचे तिला पाठवत नाहीत. हे मला बोचतं.

उत्तर लंडनकर
पेठेतल्या दादा, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. भीती न वाटता गर्जना करता आली पाहिजे. इंग्लंडमध्ये जानेवारी 2022 पासून काही स्टेडियममध्ये रेलिंग लावून उभं राहायला परवानगी मिळाली आहे. मागून लोंढा आला तरी दांडा अडवतो. आता त्या ब्लॉकमध्ये तरुणांसाठी स्वस्त तिकिटं हवीत, आणि तीही मित्रांना एकत्र काढता येतील अशी.