जुन्या फ्रिजच्या कंडेन्सर पंख्याची मोटर: बदलताना काय जुळवायचं?

प्रश्न (बर्फाळ): जुना फ्रिज आहे. खाली कॉम्प्रेसर, शेजारी कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी), मध्ये पत्र्याचा पंखा. मोटर शेडेड पोल (म्हणजे चुंबकाच्या प्रत्येक पोलच्या एका भागावर तांब्याची कडी असलेली). प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १३०० आरपीएम दिसतं, वॅट पुसलेत. गार असताना पंखा नीट फिरतो, अर्ध्या तासात घरघरत मंदावतो आणि मग कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड (जास्त ताण आला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो. शाफ्ट बाजूला ढकलला की खुळखुळतो. नवीन घेताना काय काय बघू?

तांबेतार: बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलंय. रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (भोवतीचा स्थिर भाग) यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. बुश झिजलं की चुंबक रोटरला एका अंगाला ओढतो आणि तो घासतो. त्यात शेडेड पोलला सुरुवातीचा जोर मुळातच कमी. पंखा अडला की कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब चढतो, ओव्हरलोड पडतो. तेव्हा ओव्हरलोडला दोष देऊन तो बदलू नका.

जुळवायचं ते: व्होल्ट, हर्ट्झ, आरपीएम, शाफ्टचा व्यास आणि लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, फिरण्याची दिशा. वॅटमध्ये हमखास घोळ होतो. अशा मोटरवर बहुधा १०/३६ असं असतं. १० म्हणजे शाफ्टवर मिळणारी ताकद, ३६ म्हणजे ओढली जाणारी वीज. जुन्या प्लेटवर एकच आकडा असला तर तो यातला कोणता, हे आधी ठरवा.

पातं काढायच्या आधी ते शाफ्टवर किती आत बसलंय ते मोजून ठेवा. ग्रब स्क्रू (पातं शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) गंजला असेल तर तेल सोडून थांबा. हातोडी मारलीत तर पातं वाकतं आणि मग नवी मोटरही थरथरते.

बर्फाळ: मोटर मिळाली, माप बसलं. पण उलटी फिरते.

तांबेतार: वायरींची अदलाबदल करून काही होणार नाही, यात दिशा तांब्याच्या कड्या ठरवतात. रोटर पोलच्या बिनकडीच्या भागाकडून कडीच्या भागाकडे फिरतो. दोन्ही बाजूंचे ब्रॅकेट खोला, रोटर काढा, स्टेटर उलटा करून परत बसवा. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाला. शाफ्ट मागेपुढे जेमतेम हलला पाहिजे. स्क्रू थोडेथोडे आळीपाळीने आवळा आणि मध्ये मध्ये बोटाने फिरवून बघा. नाहीतर बुश तिरकं बसतं.

तसंच उलटं चालवू नका. हवाही उलटी वाहील आणि कॉम्प्रेसरची गरम हवा कंडेन्सरवर जाईल.

जुनी_पेटी: एक भर. जुनी मोटर टाकू नका, शाफ्टला चरे नसतील तर बुश बदलून ती चालते. बुश सच्छिद्र ब्राँझचं असतं, तेल त्याच्या पोटात असतं. म्हणून पेट्रोलने धुवायचं नाही, आतून कानसायचं नाही. टर्बाइन ऑइलमध्ये रात्रभर बुडवा, भोवतीचं फेल्टही भिजवा. गंज सोडवायचा स्प्रे मारला की दोन दिवस आवाज बंद, मग जास्त जोरात. त्याने असलेलं तेलही धुतलं जातं.

मोटर ज्यांवर बसते ती रबरी बुशिंग कडक झाली असतील तर तीही बदला, नाहीतर गुणगुण सगळ्या पत्र्यात घुमते. वायरचं रबर वाकवताना भुगा होत असेल तर ती पूर्ण बदला आणि अर्थिंगची वायर जोडा. पंख्याची वायर थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉम्प्रेसरला समांतर जोडा, म्हणजे दोन्ही एकत्र चालू-बंद होतील.

आणि काम करताना गॅसच्या नळीला हिसका नको. फार जुन्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असू शकतो, दोन्ही विषारी.