मदत हवी आहे: माल एक नंबर, तरी धंदा जाग्यावरच

शहापूरकर_धाकला:
बेळगावात दुकान, आजोबांपासूनचं. तीन-चार वर्षं झाली, विक्री हलेना. शेजारी परवा आलेला नुसत्या चकचकीत डब्यावर माल खपवायलाय. मला कोल्हापूर, पुण्याला पाठवायचंय; बाबा म्हणतात, आहे ते सांभाळ. दिवाळीआधी ठरवायचंय, लवकर सांगा.

वडगावचा_माग:
सुरतेच्या साडीशी भावात लागू नका. आमच्या गल्लीत जे लागले, त्यांचे माग भंगारात गेले. स्वतःचं डिझाईन काढा, काठ वेगळा ठेवा.

शहापूरकर_धाकला:
साड्या कुठल्या हो! मिठाईचं दुकान आहे, खव्याचा कुंदा विकतो!

मास्तर:
व्यवस्थापनाचे अभ्यासक डॅनी मिलर यांनी १९८३ मध्येच मांडलंय: धंद्यात उद्योजकपणा यायला नवेपणा, जोखीम, पुढाकार, तिन्ही लागतात. शिवाय त्याच विषयातला पोर्टर म्हणतो, एकतर स्वस्त व्हा नाहीतर वेगळे. तुम्ही यातले कोण?

अनगोळची_काकू:
मास्तर, त्याला दुकान चालवायचंय, पेपर लिहायचा नाही. बाळा, खवा घरचा की बाहेरचा? आमच्याकडं साखर घालून तपकिरी रंग येईस्तोवर परततात, हात थांबला की तळाला लागतं. शेजाऱ्याला डबा जमतो, हे जमतंय काय ते चाखून बघ आधी.

सीमावासी:
दुकानाचा बोर्ड बदललात काय? २०२४ पासून ६० टक्के कन्नड लागतंय.

शहापूरकर_धाकला:
बोर्डाचा धागा वेगळा काढा. काकू, खवा घरचाच.

टिळकवाडी_हिशेब:
जीएसटी रेग्युलर की कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सोपी योजना? हे कुणीच विचारेना.

शहापूरकर_धाकला:
कंपोझिशन. १ टक्का भरतो. त्याचं काय?

टिळकवाडी_हिशेब:
मग पुणं विसरा. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. शिनोळी हाकेच्या अंतरावर, पण ते महाराष्ट्र. रेग्युलरमध्ये गेलात तर मिठाईवर ५ टक्के, पण पॅकिंगवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळतं. आकडे मांडून बाबांपुढं ठेवा. नुसतं ‘धाडस करूया’ म्हटलं तर ते नाहीच म्हणणार.

मास्तर:
तोवर राज्यातच पाठवून बघावं. धारवाड?

अनगोळची_काकू:
धारवाडात पेढा सोडून कुंदा कोण खाणार!

टिळकवाडी_हिशेब:
बेंगळुरूला पाठवा. आपली पोरं ढिगानं आहेत तिथं, आणि कंपोझिशनमध्येही चालतंय. पण माल किती दिवस टिकतो, ते अजून सांगितलं नाहीत.