सेमी-ऑटोमॅटिक की फ्रंट लोड? रावेर तालुक्यातील घरासाठी वॉशिंग मशीन निवडताना सल्ला हवा आहे

तापीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार. आमचे घर एका मजल्याचे, स्लॅबचे आहे. घरात सहा माणसे आहेत आणि सगळा संसार केळीच्या बागेवर चालतो. आजवर घरातले धुणे आई आणि माझी पत्नी हातानेच करत आल्या. आईचे वय आता ५८ आहे आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे धुण्याच्या दगडापाशी बसणे तिला जमत नाही, म्हणून दिवाळीपूर्वी वॉशिंग मशीन घ्यायचेच असे आम्ही ठरवले आहे.

दुकानदाराने दोन मशीन दाखवली. एक ८ किलोचे सेमी-ऑटोमॅटिक (धुण्याचा टब आणि ड्रायर वेगळे असलेले) असून त्याची किंमत १२,५०० रुपये आहे. दुसरे ७ किलोचे फ्रंट लोड (समोरून दार असलेले, आपोआप चालणारे) असून ते ३३,००० रुपयांना आहे. महागड्या मशीनमध्ये पाणी तापवण्याची सोय असल्याने केळीच्या चिकाचे डागही निघतील आणि दहा वर्षे पाहावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. वरचे २०,५०० रुपये आमच्यासाठी लहान रक्कम नाही, कारण केळीचा भाव कापणीच्या आठवड्यात काय निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. तरीही आईचा त्रास खरोखर वाचणार असेल, तर मी ते देण्यास तयार आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो. आमचे पाणी बोअरचे आणि फार जड आहे. तोटीवर पांढरा थर चढतो आणि तूरडाळ शिजायला वेळ लागतो. शिवाय संध्याकाळी विजेचा दाब बराच खाली जातो. अशा परिस्थितीत कोणते मशीन घ्यावे?

धुळेकर

दादा, पैसे देण्यापूर्वी तुमची पाण्याची टाकी किती उंचीवर आहे ते मोजा, कारण मी हे न मोजता फ्रंट लोड घेतले आणि पहिले दोन महिने पस्तावलो. आमचेही घर तळमजल्याचे आणि टाकी थेट स्लॅबवर टेकवलेली होती. मशीन सुरू केले की थोडे पाणी आत यायचे, पडद्यावर पाणी येत नसल्याची खूण उमटायची आणि धुणे तिथेच थांबायचे. मशीन बिघडले असे समजून मी दोन वेळा तक्रार नोंदवली. मशीन चांगले होते, पाण्यालाच जोर नव्हता.

पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर साधारण १ बार (बार हे दाब मोजायचे एकक) दाब मिळतो, म्हणजे एका मीटरला ०.१ बार. स्लॅबवरच्या टाकीचा तळ मशीनच्या नळापेक्षा जेमतेम अडीच मीटर वर असतो, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की दाब पाव बारच्या आसपास उरतो, आणि अरुंद पाइप व कोपरे यांतून वाहताना तोही घटतो. आपल्या मशीनला किमान किती दाब लागतो हे माहितीपुस्तिकेत छापलेले असते, पण दुकानात ते कुणी दाखवत नाही. शेवटी मी दाब वाढवणारा छोटा पंप बसवला आणि अडचण संपली, मात्र तो खर्च मशीनच्या किमतीत धरलेला नव्हता. सेमी-ऑटोमॅटिकला हा प्रश्नच नाही. त्यात बादलीनेही पाणी ओतता येते.

भुसावळचा कारागीर

मी गेली बावीस वर्षे वॉशिंग मशीन दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे आतून जे पाहिले आहे तेच सांगतो.

पहिली गोष्ट चिकाची. केळीच्या चिकातील टॅनिनसारखी द्रव्ये हवेतील ऑक्सिजनमुळे काळपट तपकिरी होतात आणि सुती धाग्याला धरून बसतात. एकदा तो डाग वाळून काळा पडला की बारा हजारांचे असो वा पन्नास हजारांचे, कोणतेही मशीन तो पूर्ण काढत नाही. चीक ओला असतानाच कपडा थंड पाण्यात बुडवून चोळला तर बराच फरक पडतो. बागेतले कपडे वेगळे ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणूनच योग्य आहे, आणि केवळ चिकासाठी हीटरचे पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात तर आपल्या भागात स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापलेले असते. ते आणखी तापवून काय मिळवायचे?

दुसरी गोष्ट जड पाण्याची. पाणी तापले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा कार्बोनेट होतो आणि तो सर्वांत आधी हीटरवर बसतो. थर जाड झाला की हीटरची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, वीज जास्त लागते आणि हीटर स्वतःच तापून जळतो. मी बदललेल्या बहुतेक हीटरवर असा चुनखडीसारखा थर होता. अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये लिंबूसत्त्व टाकून गरम पाण्याची फेरी चालवली तर थर सुटतो, पण हे नेमाने करणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत. पाणी किती जड आहे हे टीडीएस मीटरवरून ठरवू नका, कारण त्यात सर्वच विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो, कठीणपणाचा, म्हणजे जडपणाचा, वेगळा येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन ‘एकूण कठीणपणा’ तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. तुमचा आकडा या दोहोंत कुठे बसतो ते कळले की पुढचा निर्णय सोपा होईल.

तिसरी गोष्ट वॉरंटीची. दहा वर्षे हा आकडा बहुतेक वेळा फक्त मोटारीपुरता असतो आणि संपूर्ण मशीनची हमी साधारणपणे दोन वर्षांचीच असते. आपल्याकडे विजेच्या चढउताराने आधी जाते ती मोटार नव्हे, तर कंट्रोल कार्ड (मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी), आणि दोन वर्षांनंतर ते मोटारीच्या हमीत बसत नाही. फ्रंट लोड घेतलेच, तर त्याच्या हीटरचा भार पेलणारा स्टॅबिलायझर घ्या. सेमीमध्ये दोन साध्या मोटारी, एक टायमर, कपॅसिटर, पट्टा आणि ब्रेकची तार एवढाच कारभार असतो; रावेर, सावदा, फैजपूर अशा कोणत्याही गावातला मिस्त्री ते एका दिवसात दुरुस्त करतो. या सर्व कारणांनी मी सेमी सुचवेन.

एक सूचना दोन्हींसाठी आहे: मशीनखाली जाळी बसवून घ्या, कारण गावाकडे मला मिळालेल्या कामांत उंदरांनी तारा कुरतडलेली मशीन नेहमीच असतात.

अमळनेरची गृहिणी

कारागीर दादांनी सांगितलेले सर्व बरोबर आहे, पण त्यांनी मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या बाजूने पाहिले आहे आणि मला चालवणारीच्या बाजूने पाहावे लागते. मी अकरा वर्षे सेमी वापरले. त्यात पाणी सोडणे, टायमर लावणे, मळके पाणी काढणे, पुन्हा भरून खळबळणे आणि मग पाण्याने जड झालेला एकेक कपडा वाकून उचलून शेजारच्या ड्रायरमध्ये दाबून बसवणे, हे सर्व हातानेच करावे लागते. कपडे एका बाजूला जास्त झाले की ड्रायर धडधडतो, मग झाकण उघडून पुन्हा रचा. सहा माणसांच्या धुण्याला बाईचा दीड ते दोन तास त्या मशीनपाशीच जातो. सेमीची किंमत कमी आहे, कारण उरलेले काम घरातली बाई फुकट करते असे त्यात गृहीत धरलेले आहे. तुमच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून मशीन येत असेल, तर हे काम पुढे कोण करणार ते आधी घरात ठरवा. पत्नीच करणार असेल, तर तिलाही विचारा.

सेमीचा एक गुण मात्र मान्य करते. साबणाचे एकच पाणी पांढऱ्या कपड्यांना, नंतर रंगीत कपड्यांना आणि शेवटी शेतातल्या कपड्यांना वापरता येते, आणि पाणीटंचाईच्या वर्षांत मी तसेच केले. जड पाण्यात पावडर टाकण्यापूर्वी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला की पावडर कमी लागते.

दुकानदाराने तुम्हाला मधला पर्याय का दाखवला नाही हे मला समजले नाही. साधे, हीटर नसलेले टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक सेमी आणि फ्रंट लोड यांच्या मधल्या किमतीत मिळते. त्यात कपडे उभ्यानेच टाकायचे आणि उभ्यानेच काढायचे. मध्ये काही उचलावे लागत नाही.

भुसावळचा कारागीर

ताई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो आधीच लक्षात घ्यायला हवा होता. हीटर नसल्यामुळे टॉप लोडमध्ये थर बसण्याचा मोठा प्रश्न उरत नाही. दाब कमी असला तरी चालतील अशी टॉप लोड मशीनही मिळतात, फक्त पाणी भरायला वेळ लागतो. मात्र त्याला पाणी जास्त लागते: फ्रंट लोड एका धुण्याला साधारण ५० ते ६० लिटर घेत असेल, तर टॉप लोड १०० लिटरच्या पुढे सहज जाते. तापीकाठ दादा, तुमच्या बोअरला मे महिन्यात पाणी टिकते का, हे तुम्हीच सांगू शकाल.

तापीकाठ (रावेर तालुका)

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल मोजमाप केले. टाकीचा तळ नळापेक्षा २.४ मीटर वर आहे, म्हणजे फ्रंट लोडसाठी आणखी पंप घ्यावा लागेल. आमचा बोअर उन्हाळ्यात कमी चालतो, पण अजून आटलेला नाही, आणि धुण्याचे पाणी परसातल्या झाडांकडे न सोडता शोषखड्ड्यात सोडता येईल.

रात्री जेवताना आई आणि पत्नी दोघींनाही विचारले, जे मी सर्वांत आधी करायला हवे होते. आई म्हणाली की स्टुलावर बसून कॉलर आणि बाह्या घासणे तिला अजूनही जमते, पण चादरी पिळणे आणि ओले कपडे उचलणे आता होत नाही. पत्नीने सांगितले की सकाळी डबे आणि दूध यांच्या वेळेत मशीनपाशी उभे राहणे तिला शक्य नाही. त्यामुळे सेमी मागे पडले आहे. आम्ही हीटर नसलेले ७ किलोचे टॉप लोड घेत आहोत. वाचलेल्या पैशांतून टाकीखाली चार फुटांचा लोखंडी स्टँड आणि मशीनला जाळी बसवणार आहोत. बागेतल्या कपड्यांसाठी विहिरीजवळ वेगळी बादली कालपासूनच ठेवली आहे. चिकाचे कपडे घरी आणण्यापूर्वी तिथेच बुडवायचे असे मजुरांनाही सांगितले आहे.

एकच शंका उरली आहे. आईच्या हातच्या दोन गोधड्या या मशीनमध्ये धुता येतील का?

भुसावळचा कारागीर

नाही, त्या टाकू नका. सात किलो हे वजन कोरड्या कपड्यांचे असते आणि भिजलेली सुती गोधडी कोरड्या गोधडीपेक्षा कितीतरी जड होते. फिरताना ती एका बाजूला गोळा झाली की टबाला आधार देणारे दांडे निखळतात. गोधड्या आजवर जशा धूत आलात तशाच धुवा, फक्त त्या दिवशी आईंऐवजी तुम्ही पाण्यात उतरा.