५०७१सी पत्र आलंय, फाडू नका

प्रेषक: मेधा
विषय: आयआरएसचं पत्र, कुणाला अनुभव?

नमस्कार, मराठी मंडळाच्या ईमेल यादीवरच्या सगळ्यांना,

परवा टपालात आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, एक पत्र आलं. त्यावर ५०७१सी असा क्रमांक छापलेला आहे. तुमच्या नावाने एक टॅक्स रिटर्न आमच्याकडे आलं आहे, ते तुम्हीच भरलं का, ओळख पटवा, असा मजकूर आहे. आम्ही या वर्षीचं रिटर्न अजून भरलेलंच नाही. माझ्या डब्यांचे हिशेबसुद्धा लावून व्हायचेत. गेल्याच आठवड्यात फोनवर "रिफंड अडकला आहे, लिंक उघडा" असा मेसेज आला होता, त्यामुळे ह्यांचं म्हणणं पडलं की हे पत्रही त्यातलंच, फाडून टाक. मला धीर होत नाहीये. काय करावं?

मेधा, एडिसन, न्यू जर्सी

प्रेषक: प्रसाद

मेधाताई, मी असतो तर दुर्लक्ष केलं असतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली होती, आठवतंय ना? आयआरएसचे अधिकारी असल्याचं भासवून तिथली पोरं रात्रभर इथल्या लोकांना अटकेची धमकी द्यायची आणि गिफ्ट कार्डावर पैसे उकळायची. सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं होतं. तेव्हापासून आमच्या घरी एकच नियम आहे: आयआरएसचं नाव काढलं की फोन बंद, कागद कचऱ्यात.

प्रसाद

प्रेषक: सुहास

मेधा, ते पत्र फाडू नकोस. प्रसाद, फोन बंद करण्याचा नियम उत्तम आहे, पण कागद कचऱ्यात टाकण्याचा नियम आजच मोडा. मी एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसपुढे लोकांची बाजू मांडायचा परवाना असलेला करसल्लागार, म्हणून अशी प्रकरणं हाताळतो. लुबाडणाऱ्यांच्या भीतीने खरी नोटीस न उघडता टाकून दिली आणि मग व्याज-दंड भरावा लागला, अशी माणसं माझ्याकडे दरवर्षी येतात.

५०७१सी हे आयआरएसचं खरं पत्र असतं, आणि तुमचं वर्णन वाचून मला ते खरंच वाटतंय. रिटर्न संशयास्पद दिसलं की आयआरएस ते थांबवून ठेवते आणि ज्याच्या नावाने आलं त्याला हे पत्र पाठवते. म्हणजे तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर (कर भरताना लागणारा सरकारी ओळख क्रमांक) कुणाच्या तरी हाती लागला आहे, त्याने खोटे आकडे भरून रिफंड मागितला आहे, आणि तो रिफंड बहुधा अजून निघालेला नाही. उत्तर दिलं नाहीत तर आयआरएसला कसं कळणार की ते रिटर्न तुमचं नाही?

तरीही पत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यावरच्या लिंकवरून किंवा क्यूआर कोडवरून जाऊ नका. आयआरएसच्या संकेतस्थळाचा पत्ता, डॉट जीओव्हीने संपणारा, स्वतः टाइप करा आणि तिथे ५०७१सी शोधा. त्या पत्राची माहिती आणि ओळख पटवायचं पान तिथेच सापडेल. मागच्या वर्षीचं रिटर्न जवळ ठेवा. "हे रिटर्न मी भरलेलं नाही" असं तिथेच सांगता येतं. ओळखचोरीचा १४०३९ फॉर्म या वेळी वेगळा भरायची गरज नाही. तो ज्यांना पत्र आलेलं नाही पण ज्यांची ई-फाइल "या नंबरवर रिटर्न आधीच आलंय" म्हणून परत येते, त्यांच्यासाठी. तुमचं खरं रिटर्न मात्र १५ एप्रिलच्या आत जायलाच हवं. ई-फाइल परत आली तर छापून, सही करून टपालाने पाठवा.

त्यानंतर लगेच आयपी पिन घ्या. सहा आकडी असतो, दरवर्षी बदलतो, फुकट मिळतो. तो घेतल्यावर त्याच्याशिवाय तुमच्या नंबरवर ई-फाइल स्वीकारली जात नाही. २०२१ पासून तो कुणालाही मागता येतो, आधी फसवणूक झालेली असावी लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्याने आयटीआयएन हा करक्रमांक असलेल्या आईवडिलांना आणि मुलांनाही मिळतो. या यादीवरच्या प्रत्येक घराने तो घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट संस्थांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमच्या नावावर कर्ज काढणं अवघड होतं; तेही २०१८ पासून फुकट आहे. नवं कर्ज काढायच्या वेळी थोड्या वेळापुरतं उठवता येतं.

आता डब्यांविषयी. ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवता तेव्हा ते डब्ल्यू-९, म्हणजे तुमच्या करक्रमांकाचा फॉर्म, मागतात. त्यावर तुम्ही सोशल सिक्युरिटी नंबर लिहून देता का? तो कागद मग कुणाच्या ड्रॉवरमध्ये, कुणाच्या ईमेलमध्ये पडून राहतो ते आपल्याला कळत नाही. एकट्याने धंदा करणाऱ्यालाही ईआयएन, म्हणजे धंद्याचा वेगळा करक्रमांक, काढता येतो आणि डब्ल्यू-९वर तो देता येतो. आयआरएसकडे तो काही मिनिटांत, एक पैसाही न घेता मिळतो. त्यासाठी पैसे घेणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

सुहास

प्रेषक: मेधा

सुहासदादा, पत्र खरंच निघालं. ओळख पटवली, ते रिटर्न आमचं नाही असं नोंदवलं. पिन दोघांचेही घेतले. डब्ल्यू-९वर आजवर माझाच नंबर देत होते, कारण दुसरा काही देता येतो हेच कुणी सांगितलं नव्हतं. ईआयएनही निघाला.

मेधा

प्रेषक: राजन

सुहास, माझाही एक प्रश्न. माझं छपाईचं दुकान आहे, सहा जण कामाला. कोविडनंतर एक कंपनी सारखी मागे लागली होती: एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट (कोविडमध्ये कामगार न काढल्याबद्दलची करसवलत) मिळवून देतो, माणशी २६,००० डॉलरपर्यंत, आमचा वाटा टक्केवारीत. मी सही केली नाही, पण आमच्या लाइनीतल्या दोघांनी केली. त्यांना आता काय सांगू? आणि दुकानात कुणी बॅज दाखवत "ऑडिटला आलोय" म्हणालं तर?

राजन

प्रेषक: सुहास

राजन, सही केली नाहीस हे फार बरं झालं. ते क्रेडिट कायदेशीर होतं, पण सरकारी आदेशाने धंदा बंद ठेवावा लागलेल्यांसाठी किंवा विक्री ठरावीक प्रमाणात घसरलेल्यांसाठी. दलालांनी सरसकट सगळ्यांना पात्र ठरवलं. खोटे दावे इतके आले की १४ सप्टेंबर २०२३ ला आयआरएसने नव्या दाव्यांचं काम थांबवलं. टक्केवारी घेऊन दलाल मोकळा होतो, दावा नाकारला गेला की पैसे, व्याज आणि दंड दुकानदाराच्या नावावर. तुझ्या मित्रांना म्हणावं, पगाराची कागदपत्रं आणि बंदीचे सरकारी आदेश आजच एका फाइलला लावा. २०२१ च्या उत्तरार्धातल्या दाव्यांची तपासणीची मुदत २०२५ च्या कायद्याने सहा वर्षांची झाली आहे, "जुनं झालं" म्हणून निर्धास्त राहू नका.

ऑडिटची सुरुवात पत्राने होते. थकबाकी वसूल करणारे अधिकारी पूर्वी न सांगता दारात यायचे, तेही जुलै २०२३ पासून जवळपास बंद आहे, आधी पत्राने वेळ ठरवतात. कुणी आलंच तर खऱ्या अधिकाऱ्याकडे दोन सरकारी ओळखपत्रं असतात आणि ती पाहण्याचा तुला हक्क आहे. "मी माझ्या प्रतिनिधीमार्फत बोलेन" एवढं सांग आणि २८४८ फॉर्मवर सीपीए (इथला सीए), एन्रोल्ड एजंट किंवा वकील नेम.

आयआरएसच्या सीपी२००० नोटिशीला लोक ऑडिट समजून घाबरतात. बँकांनी, कार्ड कंपन्यांनी कळवलेले आकडे रिटर्नशी जुळले नाहीत, एवढंच ते सांगतं. कार्ड मशीनवाला वर्षाची जमा आयआरएसला ज्या १०९९-के फॉर्मवर कळवतो, त्यावर एकूण रक्कम असते: सेल्स टॅक्स, परत केलेले पैसे, मशीनचं कमिशन सगळं धरून. बँकेत जमा झालेला आकडा कमीच असणार. दर महिन्याला ही फोड लिहून ठेवलीस तर उत्तर द्यायला एक संध्याकाळ पुरते. बहुतेकदा ३० दिवस मिळतात. पटत नसेल तर "मान्य नाही" अशी खूण करून पुरावे जोडायचे.

प्रसादसाठी एक: "आयआरएस कधीच फोन करत नाही" हे पूर्ण खरं नाही. जुन्या थकबाकीसाठी त्यांनी काही खासगी वसुली कंपन्या नेमल्या आहेत आणि त्या फोन करतात. पण आधी आयआरएसचं सीपी४० पत्र येतं, आणि पैसे यू. एस. ट्रेझरीलाच द्यायचे असतात. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा झेल (पैसे पाठवायचं ॲप) यांवर पैसे मागणारा चोरच.

सुहास

प्रेषक: वैशाली (खजिनदार)

सगळ्यांना नमस्कार. हा विषय मंडळालाही लागू आहे. कार्यकारिणीतल्या तिघांना अध्यक्षांच्या नावाने ईमेल आला होता: "मीटिंगमध्ये आहे, पाहुण्यांना द्यायला गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठवा." नाव बरोबर, पत्ता भलताच. कुणी पाठवली नाहीत, पण आपल्या संकेतस्थळावर कार्यकारिणीची नावं आणि ईमेल उघडे आहेत, ते या आठवड्यात काढत आहे. यापुढे १०० डॉलरवरच्या कुठल्याही खर्चाला दोघांची संमती लागेल आणि ती फोनवर आवाज ऐकून घेतली जाईल.

शिवाय गणपतीची वर्गणी आणि दिवाळीची तिकिटं यांचे पैसे स्वयंसेवकांच्या खासगी खात्यांत जमा होतात. पेमेंट ॲपवर "गुड्स अँड सर्व्हिसेस" असं निवडलं गेलं आणि वर्षाची रक्कम २०,००० डॉलरच्या वर, व्यवहार २०० च्या वर गेले, तर १०९९-के त्या स्वयंसेवकाच्या नावाने येईल आणि मंडळाची वर्गणी त्याची कमाई म्हणून दिसेल. हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. गुढीपाडव्यापासून सगळे पैसे मंडळाच्या खात्यातच घेऊ.

सुहासदादा, पाडव्याच्या कार्यक्रमाआधी तासभर आयपी पिन काढून द्यायला बसाल का? ज्येष्ठ मंडळींनी पासपोर्ट किंवा लायसन्स आणि स्वतःचा फोन आणावा.

वैशाली

प्रेषक: सुहास

बसतो. मागच्या वर्षीचं रिटर्नही आणायला सांगा. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र कुणी या यादीवर लिहून पाठवू नये, मलासुद्धा नाही.