मदत हवी आहे: १५ वर्षांच्या खंडानंतर पुन्हा टेनपिन बोलिंग, बॉल कोणता आणि किती वजनाचा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी टेनपिन बोलिंग (लेनवर बॉल टाकून दहा पिना पाडायचा खेळ) नियमित खेळत असेल, म्हणजे स्वतःचा बॉल आणि बूट घेऊन दर आठवड्याला लीगला जात असेल, तर त्यांचा सल्ला हवा आहे. प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो, वय ५५. १९९९ ते २०१० दर गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या लीगमध्ये खेळायचो. मिशिगनच्या हिवाळ्यात पाचलाच अंधारून येतं. नव्याने आलेल्या माणसाला घर आणि ऑफिस यांपलीकडे जायला जागा नसते, ती मला बोलिंग सेंटरने दिली. माझं पहिलं सभासद कार्ड अमेरिकन बोलिंग काँग्रेसचं होतं. ती संस्था २००५ मध्ये यूएसबीसीत (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसमध्ये) विलीन झाली, तरी ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. शेवटच्या मोसमात माझी सरासरी १६८ होती. फार मोठी नाही, पण ती मी एकेक पिन करून कमावली होती.

मग वाहन उद्योगातली मंदी आली. चौघांच्या टीममधल्या दोघांना नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं, माझी मुलगी लहान होती, आणि बॅग गॅरेजमध्ये गेली ती गेलीच. या जूनमध्ये जुन्या टीममधल्या एकाचा फोन आला. तो निवृत्त होऊन परत आलाय. सप्टेंबरपासून मंगळवारची लीग आहे आणि चौथा गडी हवाय. मी विचार न करताच हो म्हणालो.

आता मुद्द्याचं. माझा जुना बॉल १५ पौंडी, रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा (लेनवर वळणाऱ्या कवचाचा), फिंगरटिप ग्रिपचा (बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात असा), २००४ साली माझ्या हाताच्या मापाने भोकं पाडून, म्हणजे ड्रिल करून घेतलेला. ज्यांनी तो ड्रिल केला ते गृहस्थ आता हयात नाहीत. हाताचं माप घेताना ते दहा मिनिटं नुसता माझा अंगठा पुढे-मागे वाकवून बघत होते. मापं एका कार्डावर लिहून त्यांनी ते बॅगेच्या कप्प्यात ठेवायला लावलं होतं. ते कार्ड सापडलं. बॉलची मात्र दशा आहे. चकाकी गेलीय, लेनवर तो सरळ घसरत जातो, आणि बोटांच्या दोन भोकांमधल्या पट्टीवर केसाएवढी बारीक चीर दिसतेय. गॅरेजमध्ये १५ हिवाळे काढले त्याने, चूक माझीच.

गेले तीन आठवडे सेंटरचे बॉल घेऊन खेळून पाहिलं. १२८, १४१, ११९. वरच्या पडद्यावर वेग ताशी १४ मैल दाखवतात, पूर्वी माझा १७ असायचा. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याला फ्रोझन शोल्डर झाला होता. आता हात वर जातो, पण १५ पौंडाचा बॉल मागे झुलवताना मनात धाकधूक होते. १३ पौंडाचा घेतला तर पिनांवर आपटून तोच भलतीकडे उडतोय असं वाटलं.

तर विचारायचंय असं की वजन किती उतरवावं? जुनी चीर बुजवून तोच बॉल पुन्हा ड्रिल करण्यात अर्थ आहे का? जुन्या कार्डावरची मापं देऊन ऑनलाइन बॉल मागवला तर चालेल का? आणि सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे ही आजची यादी. सॉलिड, पर्ल, हायब्रिड, सिमेट्रिक, असिमेट्रिक… मी खेळ सोडला तेव्हा दुकानात चार खोकी असायची, आता भिंत भरलेली असते. २५०-३०० डॉलरच्या पुढे जायचं नाहीये.

---

प्रतिसाद (कॅलिफोर्नियाहून)

काका, दोन हातांनी टाकायला शिका! मी वर्षभरापूर्वी सुरू केलं. जेसन बेलमोंटे तसाच खेळतो आणि त्याच्या नावावर पीबीएच्या (व्यावसायिक बोलिंगपटूंच्या संघटनेच्या) १५ मेजर स्पर्धा आहेत. एका खांद्यावरचा भार कमी होईल आणि बॉल वळेलही भरपूर.

धागाकर्ता

धन्यवाद. बेलमोंटेचे व्हिडिओ मी पाहिलेत आणि कौतुकही वाटतं. पण त्यात कमरेतून फार वाकावं लागतं, आणि सप्टेंबर दोन महिन्यांवर आलाय. हाताला जे येतं तेच आधी परत मिळवायचंय.

---

प्रतिसाद (विस्कॉन्सिनहून)

मी सहा वर्षं शनिवार-रविवारी एका प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात, बॉल ड्रिल करायचं काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी जुना बॉल. तुम्ही लिहिलं नाहीये, पण २००४ साली ड्रिल केलेल्या बॉलला बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांशिवाय बाजूला एखादं चौथं भोक आहे का बघा. तोल साधायला तेव्हा ते सर्रास पाडायचे. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या मान्यताप्राप्त लीगमध्ये ते चालत नाही. बॉल टाकताना ज्यात बोट जात नाही असं भोकच नको. म्हणजे ते बुजवा, चीर बुजवा, पुन्हा ड्रिल करा. नव्या बॉलच्या निम्मा खर्च तिथेच होईल. आणि हाती काय लागेल? रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन लेनवरचं ऑइल शोषून घेतं, म्हणून तर ते वळतं. इतक्या वर्षांच्या ऑइलने भरलेला बॉल गरम पाण्यात बुडवून ठेवला की थोडा सुधारतो, पण गॅरेजच्या थंडीने वरचं कवच ठिसूळ झालं असेल तर चीर पुन्हा दुसरीकडे निघते. त्याच्यावर पैसे घालू नका. जपून ठेवायचा तर घरात ठेवा, गॅरेजमध्ये नको.

आता वजन. सेंटरचे बॉल घेऊन वजन ठरवणं ही हमखास होणारी चूक आहे. त्यांची भोकं कुणाच्याच हाताची नसतात, बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात आणि अंगठा सैल असतो. मग बॉल निसटू नये म्हणून आपण तो आवळून धरतो. आवळला की मनगट, कोपर, खांदा सगळं ताठरतं. मापाने ड्रिल केलेला १४ पौंडाचा बॉल हातात सेंटरच्या १२ पौंडासारखा वाटतो. तुमच्यासाठी माझं मत १४. १५ पौंडाचा बॉल पिनांवर कमी विचलित होतो हे खरं, पण तो झुलवताना तुम्ही मनातून आखडणार असाल तर वेगही जातो आणि फिरकीही, आणि मग त्या एका पौंडाचा फायदा उरत नाही. १३च्या खाली इतक्यात जाऊ नका. खूप हलक्या बॉलमध्ये आतला गाभाही बऱ्याचदा बदललेला असतो.

कार्डावरची मापं देऊन ऑनलाइन ड्रिल करून मागवू नका, हे मी हात जोडून सांगतो. २० वर्षांत हात बदलतो. सांध्यांची लवचीकता कमी होते, अंगठा पूर्वीसारखा मागे वाकत नाही. जुना स्पॅन, म्हणजे अंगठ्यापासून बोटांपर्यंतचं अंतर, तसंच ठेवलं तर तळहात ताणलेला राहतो. अंगठा वेळेवर सुटत नाही आणि सगळा झटका खांद्याला बसतो. फ्रोझन शोल्डर होऊन गेलेल्या माणसाने हा धोका घेऊ नये. बॉल कुठूनही घ्या, माप आणि ड्रिलिंग समोर उभं राहूनच. ते कार्ड मात्र बरोबर न्या. त्या जुन्या माणसाने अंगठ्याचा कोन काय दिला होता हे बघायला कुठल्याही ड्रिलरला आवडेल.

राहिली ती भिंत. घाबरू नका, निम्मी नावं एकाच घरची आहेत. एबोनाइट, हॅमर, ट्रॅक आणि कोलंबिया ३०० हे ब्रँड २०१९ पासून ब्रन्सविककडे आहेत. स्टॉर्म, रोटो ग्रिप आणि ९०० ग्लोबल हे दुसरं घर. तुमच्याच मिशिगनमध्ये स्प्रिंग लेकला मोटिव्ह ही बॉल बनवणारी कंपनी आहे.

बॉल किती वळणार हे आधी कवच ठरवतं, मग गाभा. लेन फाउल लाइनपासून (टाकताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. नेहमीच्या लीगला त्यातल्या पहिल्या ४० फुटांच्या आसपास ऑइल, तेही मधोमध जास्त आणि कडांना कमी. सॉलिड कवच ऑइलमध्येच पकड घ्यायला लागतं. पर्ल पुढपर्यंत घसरतं आणि शेवटच्या कोरड्या भागात झटकन वळतं. हायब्रिड या दोघांच्या मधलं. तुमचा वेग १४, योग्य ग्रिप मिळाली की समजा १५-१६. या वेगाला जोरकस सॉलिड असिमेट्रिक (असमान आकाराच्या गाभ्याचा) बॉल घेतला तर तो अर्ध्या वाटेतच वळून पिनांपर्यंत पोचताना दमलेला असेल. भिंतीवरचे सगळ्यात महाग बॉल तेच असतात आणि सेल्समन हात त्यांच्याकडेच दाखवेल. तुम्ही सिमेट्रिक, म्हणजे समान आकाराच्या गाभ्याचा, पर्ल किंवा हायब्रिड कवचाचा, मध्यम ताकदीचा घ्या. खोक्यावर डिफरन्शियल, म्हणजे गाभ्यामुळे बॉल किती वळू शकतो याचा आकडा, लिहिलेलं असतं. नियमाने त्याची कमाल मर्यादा ०.०६०. तुम्हाला ०.०३० ते ०.०४५ पुरे. ब्रन्सविकचा ऱ्हायनो स्वस्तात मस्त आहे. थोडे जास्त घालायचे तर स्टॉर्मचा हाय-रोड. तो बाजारात बरीच वर्षं टिकून आहे, आणि जिथे दर तीन महिन्यांनी नवे बॉल येतात तिथे ही मोठीच गोष्ट.

आणखी एक. सेंटरमध्ये पिना दोरीला बांधलेल्या आहेत का बघून घ्या. तुमच्या वेळी हे क्वचितच असेल. यूएसबीसीने २०२३ पासून त्याला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिलीय. पिना उडण्याची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे जुन्या १६८शी तुलना करून खट्टू होऊ नका.

---

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

वरच्या दादांनी सगळं छान सांगितलंय, फक्त एक राहिलं. एकच बॉल घेऊ नका. मी ६१ वर्षांची आहे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी परत आले आणि १२ पौंडाने खेळते. माझी सरासरी परत आली ती स्ट्राइकच्या (पहिल्याच फेकीत दहाही पिना पाडायच्या) बॉलने नाही, साध्या प्लास्टिकच्या बॉलने.

हिशोब बघा. नऊ पिना पाडल्या, दहावी चुकली, तर नऊ गुण. तीच पाडली तर दहा, शिवाय पुढच्या फेकीचे आठ-नऊ. एक स्पेअर (दुसऱ्या फेकीत उरलेल्या पिना पाडणं) सुटला की साधारण दहा गुण जातात. उजव्या हाताने खेळणाऱ्याला छळते ती १० नंबरची, उजव्या कोपऱ्यातली. वळणाऱ्या बॉलने तिच्यावर नेम धरला की तो ऐन वेळी डावीकडे पळतो. प्लास्टिकचा बॉल लेनच्या डाव्या बाजूने तिरका, सरळ टाकायचा. कोलंबिया ३००चा व्हाइट डॉट घ्या, प्लास्टिक असल्याने फार महाग नाही. मात्र दोन्ही बॉलचं वजन आणि माप सारखं ठेवा, हाताला फरक कळता कामा नये.

आणि बूट बघा हो! १५ वर्षांपूर्वीच्या बुटांचे तळवे गोंदातून सुटतात. डाव्या पायावर घसरताना तळवा निघाला तर पडाल.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथं भोक आहे! गेल्या तीन आठवड्यांत मला ते दिसत असूनही लक्षात आलं नव्हतं. बुटांचा डावा तळवाही टाचेकडून उचललेला निघाला, ताई, तुमचे विशेष आभार.

एक शंका. बॉलला खोक्यातली चमक असते ती तशीच ठेवायची की सुरुवातीलाच पॅडने घासून घ्यायची? आम्ही पूर्वी फार घासाघासी करायचो.

प्रतिसाद (विस्कॉन्सिनहून)

पहिले दहा-बारा गेम अजिबात हात लावू नका. आधी बॉल काय करतो ते बघा. लवकर वळत असेल तर चमक तशीच ठेवा, वळतच नसेल तर २०००चं पॅड. पॅडचा आकडा जितका लहान तितका बॉल खरबरीत आणि तितका लवकर पकड घेणारा. सामना सुरू झाल्यावर घासता येत नाही आणि पुसायलाही फक्त कोरडा टॉवेल, हे लक्षात असू द्या. घरी आल्यावर मात्र दर वेळी क्लीनरने पुसा.

---

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहून गेलं होतं.

गावापासून ४० मिनिटांवर एक प्रो शॉप सापडलं. ड्रिल करणारी बाई माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिला ते कार्ड दिलं. तिने ते बाजूला ठेवलं, आधी स्वतः माप घेतलं, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून मला दाखवलं. स्पॅन दोन्ही बोटांना एक अष्टमांश इंचाने कमी झालाय, अंगठ्याचं भोक एक नंबर मोठं लागलं. अंगठ्याचा कोन मात्र तिने जुनाच ठेवला. म्हणाली, ज्यांनी हे काढलंय त्यांनी तुमचा हात नीट पाहिला होता. मला तिथे क्षणभर बोलता आलं नाही.

हाय-रोड १४ पौंडी आणि व्हाइट डॉटही १४ पौंडी घेतला. ड्रिलिंग, बोटांच्या भोकांत बसवायचे इन्सर्ट सगळं धरून ठरवलेल्या रकमेच्या थोडं वर गेलं, ते चालवून घेतलं. सेंटरमध्ये पिना दोरीच्या नाहीत, सुट्या आहेत.

आतापर्यंत नऊ गेम झाले. वेग १५वर आलाय. खांदा दुसऱ्या दिवशी दुखत नाही. काल पहिल्यांदा १६२ झाले. १० नंबरची पिन पाचदा उभी राहिली, त्यातली तीनदा पाडली. अंगठ्याच्या भोकात तिसऱ्या गेमनंतर घट्ट वाटतं. सूज येत असावी, म्हणून भोकात लावलेल्या टेपची एक पट्टी काढून बघणार आहे.

बॉल अजून घासलेला नाही.