एमएक्स ४९ बंद झाला, आता ४९ पट्ट्यांचा खरा पर्याय कोणता?

विंगेतला
यामाहाचा एमएक्स ४९ हा ४९ पट्ट्यांचा सिंथेसायझर बंद झालाय. आमच्या एकांकिकांना लाइव्ह पार्श्वसंगीत मी त्याच्यावरच वाजवतो. आता ग्रुपमधल्या एका मुलासाठी तसाच दुसरा शोधायला घेतलाय, पण दुकानात जो तो ६१ पट्ट्यांचंच काहीतरी पुढे करतो. मला काय हवंय ते सरळ लिहितो. पट्ट्या पूर्ण मापाच्या, आवाज आतलेच, लॅपटॉप नको, वजन चारेक किलो, स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज) आणि लेयर (एकावर एक दोन आवाज) एकेका बटणावर.

एमएक्स ४९ हे सगळं ३.८ किलोत आणि ८३ सेंटिमीटरमध्ये देत होता. आत यामाहाच्याच मोठ्या मोटिफ एक्सएसमधून घेतलेले हजारावर आवाज, १२८ नोटांची पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी तेवढे सूर वाजू शकतात, वर यूएसबीनं कॉम्प्युटरला लावला की ऑडिओ इंटरफेसपण तोच. पण माझ्यासाठी खरी गोष्ट म्हणजे त्याची कॅटेगरीची बटणं. पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, ब्रास अशी प्रत्येकाला वेगळी. विंगेत ब्लॅकआउट झाला की डोळ्यांना काही दिसत नाही, डावा हात पॅडच्या (मागे लांबत राहणाऱ्या मऊ आवाजाच्या) सुरावर धरून ठेवायचा आणि उजव्या हातानं चाचपत बरोबर बटण लावायचं, हे त्याच्यावर जमतं. मेनूत शिरावं लागणाऱ्या वाद्यावर नाही जमत.

माझं स्पष्ट मत आहे की कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिलाय, एकीकडे ३७ मिनी पट्ट्या नाहीतर थेट ६१, मधलं परवडणारं काही ठेवलंच नाही, आणि मधलं वापरणारे आपल्याकडे भरपूर आहेत. कोणाला पटत नसेल तर मॉडेलचं नाव सांगा.

काळी_दोन
शंभर टक्के पटलं. मी मूळचा पेटीवाला. पेटी तीन-साडेतीन सप्तकांची, म्हणजे ३७, ३९ नाहीतर ४२ पट्ट्या, आणि त्यात अख्खी मैफल होते. ४९ म्हणजे चार सप्तकं, संगतीला हवी तेवढी जागा, आणि गायकानं काळी चार मागितली की पट्टी बदलायला ट्रान्स्पोजचं बटण आहेच. मात्र पट्टी मिनी असेल तर पेटीवर तयार झालेला हात तिथे बसत नाही, खटका-मुरकीच्या जागा चुकतात. म्हणून यामाहाचे ते रीफेस सुचवू नका कुणी, १.९ किलो वजन आणि पेन्सिल सेलवर चालतात वगैरे सगळं खरं आहे, पण ३७ मिनी पट्ट्या.

सिग्नल_चेन
दोघांशीही असहमत. तुम्ही बंद झालेल्या वस्तूची सावली शोधताय. आज ४९ पट्ट्यांचा पर्याय म्हणजे मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, दुसऱ्या यंत्रातले आवाज वाजवणारा कीबोर्ड) आणि आयपॅड. एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ घ्या, पूर्ण मापाच्या पट्ट्या, हलका, आणि आयपॅडवर कॉर्ग मॉड्यूल हे अ‍ॅप टाका, एमएक्सच्या पियानोपेक्षा कितीतरी सरस पियानो मिळतो. एमएक्समध्ये आवाजांचे सगळे साठवलेले नमुने मिळून १६६ एमबी आहेत हो! २०१३ च्या आसपास ते ठीक होतं, आज ऐकवत नाही. शिवाय एमएक्सवर परफॉर्मन्स (जुळवून साठवलेला आवाजांचा संच) बदलला की आधीच्या सुराची विरत जाणारी शेपटी कापली जाते, नाटकात तर हे सगळ्यात जास्त खटकायला हवं.

विंगेतला
शेपटी कापते हे बरोबर, म्हणून मी दोन आवाज एकाच परफॉर्मन्समध्ये ठेवतो आणि नॉबनं एकाचा व्हॉल्यूम खाली घेतो. पण आयपॅडचं नाही पटत. स्पर्धेत सेट लावायला मिळणारा वेळ मोजका, त्यात पोरं नेपथ्याचे फ्लॅट उचलतायत, लाइटवाला स्पॉट फिरवतोय आणि मी कोपऱ्यात हब, चार्जर, ऑडिओची वायर, कंट्रोलरची वायर असं जुळवत बसू? एमएक्सला एक अ‍ॅडाप्टर, दोन जॅक, झालं. आणि आयपॅडचा स्क्रीन विंगेत पेटलेला असला की पहिल्या तीन रांगांना तो दिसतो, हे नाटकवाल्यांनाच कळेल.

सिग्नल_चेन
ब्राइटनेस कमी करता येतो, वायरी घरी एका फळीवर कायमच्या बांधून नेता येतात. एकदा बांधून ठेवलं की तुमच्याइतकाच वेळ लागतो. आणि कंट्रोलर बिघडला तर स्वस्तात दुसरा येतो, आवाज सगळे आयपॅडमध्ये शाबूत. तुमचा एमएक्स बिघडला तर सगळंच गेलं.

ठाणे_लोकल
मी कॅसिओ सीटी-एस५०० वापरते आणि कुणी तिचं नावच घेत नाहीये याचं वाईट वाटतं. कॅसिओ म्हटलं की लोकांना लहानपणीचं खेळणं आठवतं, ते आता सोडा. ६१ पट्ट्या पूर्ण मापाच्या, पण रुंदी ९३ सेंटिमीटर, म्हणजे एमएक्स ४९ पेक्षा फक्त दहा सेंटिमीटर जास्त! वजन ४.७ किलो. मागे मिक्सरला जोडायला डावी-उजवी वेगळी लाइन आउट आहे, स्पीकर आतच आहेत आणि सहा पेन्सिल सेलवर चालते. तालीम कुणाच्या गच्चीवर असो की शाळेच्या वर्गात, प्लग शोधत फिरावं लागत नाही, एमएक्सला बॅटरीची सोयच नव्हती. मी ती पाठीला लावून दादरला लोकलनं जाते, गर्दीत उभी धरली तरी चालते. दादा, तुम्ही पट्ट्या मोजताय, सेंटिमीटर मोजा.

विंगेतला
ताई, सेंटिमीटरचा मुद्दा मला खरंच वजनदार वाटला, मी ६१ म्हणजे मीटरभर असंच धरून चाललो होतो कारण एमएक्स ६१ आणि रोलँडचा ज्युनो-डीएस६१ साधारण तेवढेच आहेत. पण दुसरं वाद्य जोडायचं मिडीचं पाच पिनांचं सॉकेट त्यावर नाही ना? आणि सुराला कंप द्यायचं मॉड्युलेशन व्हील?

ठाणे_लोकल
दोन्ही नाही. सूर वर-खाली ओढायचं पिच बेंडचं व्हील आहे, मिडी फक्त यूएसबीनं, आणि तीन नॉब आहेत त्यातल्या एकावर मॉड्युलेशन लावून घेता येतं. तुम्ही नाटकात पाच पिनांनी काय जोडता ते सांगा आधी.

लो_पास
४९ पट्ट्या पूर्ण मापाच्या हव्यात तर हायड्रासिंथ हा सिंथेसायझर आहे की. पट्टी दाबून धरली की प्रत्येक पट्टीला वेगळा आफ्टरटच मिळतो, म्हणजे दाब वाढवला की त्याच सुराचा आवाज बदलतो, हे एमएक्सनं स्वप्नातही पाहिलं नसेल. नाटकाला तयार बासरी-सतार कशाला लागते, स्वतः आवाज घडवा ना. सगळ्या एकांकिकांमध्ये तीच ती पॅड आणि तोच तो पियानो ऐकून कान विटलेत.

काळी_दोन
हायड्रासिंथ उत्तम वाद्य आहे पण पॉलिफोनी आठ नोटांची, आणि सॅम्पल केलेली बासरी, सारंगी त्यात नाहीच. दिग्दर्शक तालमीत म्हणतो इथे जरा शहनाई दे, तेव्हा तू त्याला वेव्हटेबलमधून घडवलेला कृत्रिम आवाज देणार? मुलगा नवीन आहे, त्याच्या हाती पहिलंच वाद्य असं देऊ नका.

लो_पास
नवीन आहे म्हणूनच द्या, तयार आवाजांची सवय लागायच्या आत.

सोल्डर_आणि_सूर
मी दुरुस्तीचं काम करतो. ज्याला एमएक्स ४९ च हवा त्यानं सेकंडहँड घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. प्रत्येक पट्टी आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवून बघा. काही पट्ट्या हळू वाजवल्या तरी किंचाळतात, काही मुक्या असतात. पट्टीखाली रबराची पट्टी असते, तिच्या काळ्या कार्बनच्या टिकल्यांवर धूळ, ओल बसते, मुंबई-कोकणच्या हवेत तर जास्तच. ती उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली की बहुतेक वेळा सुधारतं, म्हणून त्या कारणानं सौदा मोडू नका, भाव पाडा. पॉवरचा जॅक हलवून बघा, सैल असेल तर प्रयोगात मधेच बंद पडेल. अ‍ॅडाप्टर १२ व्होल्टचा, पिनच्या मध्ये धन ध्रुव. रोलँड-बॉसचे बरेच जुने अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टचे आणि उलट्या ध्रुवाचे असतात, ते घाईत लावू नका.

सिग्नल_चेन
म्हणजे दहा वर्षं जुन्या वाद्यावर मुलाची स्पर्धा टांगणीला लावायची. मी विरोधातच आहे. निदान यामाहाचा एमओडीएक्स ६ तरी बघा, त्यात आवाज बदलताना शेपटी कापत नाही. वजन ६.६ किलो आहे, पण रोज कुठे न्यायचाय?

विंगेतला
रोजच न्यायचाय, तालमी रोज असतात. तर सध्या असं ठरवलंय, पहिल्यांदा सीटी-एस५०० ला तो मुलगा आणि मी दोघं जाऊन हात लावणार, रजिस्ट्रेशन, म्हणजे आधी साठवून ठेवलेला आवाज, अंधारात न बघता लागतो का एवढंच तपासणार. नाही लागला तर जुना एमएक्स शोधणार. मत बदललेलं नाही, ४९ वाला कुणीतरी परत काढायलाच हवा.

ठाणे_लोकल
जरूर जा. फक्त तुमचा यामाहाचा सस्टेन पेडल (सूर लांबवायचा) घेऊन जात असाल तर तो कॅसिओला उलटा चालतो, सोडला की सूर लांबतो आणि दाबला की थांबतो. दुकानातला कॅसिओचाच मागून घ्या, नाहीतर वाद्यात दोष आहे समजून परत याल.