'११० मराठा', वॉर मेडल आणि 'कूट'ची पट्टी : बोली लावू का?

कराडचा_संग्राहक :

मंडळी, नमस्कार. एका ऑनलाइन लिलावात पहिल्या महायुद्धातल्या पदकांची जोडी आली आहे. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. दोन्हींच्या कडेवर एकाच शिपायाचं नाव, नंबर आणि '११० मराठा लाइट इन्फंट्री' असल्याचं विकणारा सांगतो. वॉर मेडलच्या रिबिनीवर 'कूट-अल-अमारा' (आजच्या इराकमधलं गाव, तिथे तुर्कांनी आपल्या फौजेला वेढा घातला होता) अशी चांदीची पट्टी आहे, ती सरकारी असल्याचं तो म्हणतो. शिपाई कूटच्या वेढ्यात मरण पावला, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) यादीत त्याचं नाव आहे, असंही लिहिलंय. मी यादी पाहिली, नाव खरंच आहे. बोली ३८ हजारांवर गेलीय आणि परवा रात्री संपतेय. कडेचा फोटो एकच, तोही लांबून. आमच्या आजोळची बरीच माणसं मराठा पलटणींत होती, म्हणून जीव अडकलाय. काय पाहू?

निवृत्त_डायमेकर :

बोली लावू नका. ती पट्टीच पुरे आहे. ब्रिटिश वॉर मेडलवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या द्यायचा विचार युद्धानंतर झाला होता, पण खर्चाकडे पाहून तो सोडून दिला. लष्करात कुणालाही सरकारातून तशी पट्टी मिळाली नाही. 'कूट' नाही, 'बगदाद' नाही, कुठलीच नाही.

यादीत नाव सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका. ती यादी सगळ्या जगाला खुली आहे आणि खोटं करणाराही नाव तिथूनच उचलतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून कूटमध्ये अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि पुढे कैदेत कितीतरी माणसं उपासमारीनं आणि रोगानं गेली. त्या माणसांच्या नावाला आज संग्राहकांत जास्त किंमत मिळते. म्हणून एखाद्याचं स्वस्तातलं अस्सल पदक घ्यायचं, कडेवरचं त्याचं नाव कानशीनं घासून काढायचं आणि कूटमध्ये मेलेल्याचं नाव ठोकायचं, हा उद्योग चालतो. यात दोन सैनिकांवर अन्याय होतो. एकाचं नाव कायमचं पुसलं जातं, दुसऱ्याचं विकलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

अशा पदकाची चांदी खरी असते, राजाचा मुखवटा खरा असतो, मागचा घोडेस्वारही खरा असतो. वजन करा, घनता काढा, सगळं बरोबर येईल. खोटेपणा फक्त कडेत असतो. मी आयुष्यभर टूलरूममध्ये पंच आणि डाय बनवले, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. व्हर्नियर घेऊन एकाच जागी मोजू नका, पदक फिरवत फिरवत मोजा. घासलेल्या भागात माप कमी भरतं. पुष्कळदा कड तिथे किंचित सपाट झालेली बोटालाही कळते. मग दहापट भिंग घ्या. पंच ठोकलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो आणि बाजूला ढकललेल्या धातूचा बारीक उंचवटा दिसतो. हातानं कोरलेल्या अक्षराची चर खाली निमुळती होत जाते, कारण तिथला धातू कापून बाहेर काढलेला असतो. लेझरचं अक्षर सगळीकडे एकाच खोलीचं, त्याला उंचवटा नसतो. हे तिन्ही एकदा नीट पाहिलेत की पुन्हा चुकणार नाही.

झिजही पाहा. राजाचं नाक आणि मिशी पॉलिश करून करून गुळगुळीत झाली असेल आणि नावाची अक्षरं कालच पडल्यासारखी धारदार असतील, तर ती दोन्ही एका वयाची नाहीत. मात्र नवीन रिबिनीवरून पदक खोटं ठरवू नका, घरोघरी रिबिनी बदलल्या जात.

विकणाऱ्याकडे पूर्ण कडेचे फोटो मागा, तिरक्या उजेडात, जवळून.

मिरजेचा_मावळा :

काका, माझ्याकडे एक वॉर मेडल तांब्यासारख्या रंगाचं आलंय. दुकानदार म्हणतो दुर्मीळ आहे, मित्र म्हणतो नक्कल. आणि काल एकानं 'महार रेजिमेंट, १९१६' असं कोरलेलं पदक दाखवलं.

निवृत्त_डायमेकर :

रंगावरून फेकू नका. हे पदक ब्राँझमध्येही निघालं होतं आणि लेबर कोअरच्या माणसांना ते दिलं गेलं. कड वाचा, तिथे मजूर तुकडी आहे की लढाऊ पलटण ते बघा. ब्राँझवर मराठा पलटणीचा शिपाई दिसला तर सावध व्हा. ओतीव नक्कलही येते. तिच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, घोड्याचे स्नायू बोथट असतात आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून मापही थोडं कमी भरतं.

दुसरं पदक तर सरळ परत करा. पहिल्या महायुद्धात '१११ महार' ही पलटण होती, ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. महार रेजिमेंट १९४१ ची. १९१६ च्या पदकावर ते नाव येईलच कसं?

लेस्टरवासी :

इकडे ब्रिटनमध्येही हाच त्रास आहे. एक गोष्ट सांगतो. हिंदी फौजेच्या पदकांवरची अक्षरं ब्रिटिश पलटणींच्या पदकांवरच्या अक्षरांसारखी नसतात. कुठल्याही ब्रिटिश पदकाचा फोटो शेजारी ठेवून 'अक्षर जुळत नाही, म्हणजे खोटं' असं ठरवू नका. तुलना हिंदी पलटणीच्या खात्रीच्या पदकाशीच करा. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलचंही तसंच. लंडन आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींत ते बनलं आणि दोन्हींची वरची कडी धरणारी पकड वेगळी आहे. कलकत्त्याची साधी पकड पाहून लोक अस्सल पदक नाकारतात.

कराडचा_संग्राहक :

काका, विकणाऱ्याला लिहिलं. म्हणाला, पट्टी घरच्यांनी नंतर हौसेनं लावली असेल. कडेचे दोन फोटो पाठवलेत, इथे टाकतोय.

निवृत्त_डायमेकर :

घरच्यांनी लावली असेल हे शक्य आहे, तशा हौशी पट्ट्या असत. पण मग आधी सरकारी म्हणून का विकत होता?

फोटो मोठे करून पाहिले. अक्षरांखाली तिरप्या रेघा चालल्यात, त्या कानशीच्या आहेत. रेघांवरून अक्षर गेलंय, अक्षरावरून रेघ गेलेली नाही. म्हणजे आधी घासलं, मग ठोकलं. शिवाय पलटणीचं नाव आजच्या पद्धतीनं 'एम-ए-आर-ए-टी-एच-ए' असं आहे. त्या काळी सरकारी लिखाणात 'एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए' लिहीत. ठोकणाऱ्यानं आजच्या रेजिमेंटचं नाव पाहून पंच मारलेत.

आता एवढं करा. सगळे फोटो आणि वर्णन आजच जतन करा, कारण लिलाव मागे घेतला की पान दिसेनासं होतं आणि तीच वस्तू दुसऱ्या नावानं येते. लिलाव चालवणाऱ्यांना तक्रार पाठवा. त्यात 'खोटं वाटतं' असं मोघम लिहू नका. पट्टी कधीच दिली गेली नाही, कड घासलेली आहे, नावाचं स्पेलिंग त्या काळचं नाही, या तीन मुद्द्यांना फोटो जोडा.

आणि त्या शिपायाचं नाव, नंबर इथे लिहून ठेवा. उद्या त्याचं खरं पदक एखाद्या घरातून बाहेर आलं तर या नकलेमुळे त्यावर कुणी संशय घेऊ नये.

कराडचा_संग्राहक :

तक्रार पाठवली. नाव आणि नंबर खालच्या संदेशात टाकतोय.